मी शिकवलेलं गुन्हेगारीशास्त्र

समाजशास्त्राच्या वर्गात गुन्हेगारीचे सिद्धांत मी बरीच वर्षं शिकवले आणि त्यातले बहुतेक भलत्याच माणसांना लावून दाखवले. राहायला नागपूरच्या जरीपटक्यात, पायी जाण्याच्या अंतरावर कस्तुरबानगरची वस्ती, हाती विद्यापीठाचा अभ्यासक्रम. एवढं असल्यावर उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. मी ती शोधलीही नाहीत. समोर दिसली ती उचलली.

सुरुवात लोंब्रोझोपासून. चेझारे लोंब्रोझो हा इटलीतला डॉक्टर. १८७६ मध्ये त्याने पुस्तक लिहून सांगितलं की काही माणसं जन्मतःच गुन्हेगार असतात आणि जबडा, कान, कपाळ पाहून ती ओळखता येतात. हा भाग मी करमणूक म्हणून शिकवायचो. मुलं एकमेकांचे कान बघायची, वर्ग हसायचा, तास संपायचा. त्या पुस्तकाच्या पाच वर्षं आधी, १८७१ मध्ये, आपल्याकडे इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता आणि अख्ख्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या होत्या, हे त्या हसण्यात सांगायचं राहून जाई. तो कायदा १९५२ मध्ये गेला. पण आमच्या गल्लीत घरफोडी झाली तेव्हा, पोलिसांनी काही विचारायच्या आत, ‘बेड्यावरचे पारधी असतील’ असं म्हणणारा मीच होतो. घरफोडी कोणी केली ते कधीच कळलं नाही. लोंब्रोझोवर हसणाऱ्या माणसाच्या तोंडून नाव मात्र निघून गेलं होतं.

दुसरी चूक जास्त महागाची. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी शिकागोतल्या बालगुन्हेगारांच्या नोंदी शहराच्या नकाशावर मांडल्या. १९४२ च्या त्यांच्या पुस्तकाचं म्हणणं थोडक्यात असं: कारखान्यांना लागून असलेल्या पडक्या वस्त्यांत गुन्ह्यांचं प्रमाण सतत जास्त राहतं आणि तिथले रहिवासी बदलले, एका देशाचे जाऊन दुसऱ्या देशाचे आले, तरी ते खाली येत नाही. म्हणजे दोष माणसांच्या रक्तात नाही, त्या जागेच्या परिस्थितीत आहे. वस्तीतल्या माणसांवरचा आळ काढून टाकणारा हा सिद्धांत मी नेमका उलटा शिकवला. फळ्यावर वर्तुळं काढायची, मधल्या पट्ट्यावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, ‘आपल्याकडे हे कस्तुरबानगर.’ मुलांच्या वहीत उतरलं ते एवढंच: झोपडपट्टी म्हणजे गुन्हेगारी. शिवाय शिकागोच्या नकाशात जात नव्हती. कस्तुरबानगरात बहुसंख्य घरं दलितांची. परका नकाशा जसाच्या तसा इथे पसरला की जात आपोआप गळते आणि शिकवणाऱ्याची सोय होते.

एकदा त्याच वस्तीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘सर, तुम्ही आमच्या वस्तीत कधी आले काय?’ मी तिला तक्ता दाखवला. त्या वयात माझा तक्त्यावर फार विश्वास होता.

त्या काळात कस्तुरबानगरात अक्कू यादवची दहशत होती. भरत कालीचरण हे त्याचं खरं नाव. खून, बलात्कार, लूटमार, खंडणी असे आरोप त्याच्यावर होते. त्याला अटक व्हायची, जामीन मिळायचा, तो परत वस्तीत यायचा. जुलै २००४ च्या अखेरीस उषा नारायणे या शिकलेल्या तरुणीने त्याच्यापुढे झुकायला नकार दिला आणि वस्ती तिच्यामागे उभी राहिली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लोकांनी त्याचं घर जाळलं. तो पोलिसांकडे गेला, त्याला अटक झाली. १३ ऑगस्टला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात त्याच्या जामिनावर पेशी होती. दुपारी कोर्टाच्या खोलीतच जमावाने त्याला ठार केलं. जमावात बहुतांश बायका होत्या, शेकड्यांनी. पाच जणींना पकडलं तेव्हा उरलेल्या म्हणाल्या, आम्हा सगळ्यांनाच अटक करा.

मी त्यावर एका दैनिकात लेख लिहिला. ग्यूस्ताव्ह ल बॉनचं झुंडीचं मानसशास्त्र, १८९५ चं, त्यात घातलं: गर्दीत शिरलेला माणूस विवेक गमावतो, त्याच्यातलं आदिम ते वर येतं, वगैरे. लेख मला स्वतःला फार आवडला होता. आमच्या इमारतीत काम करणारी एक बाई दोन-तीन दिवसांनी मला जिन्यात भेटली. त्याच वस्तीतली. म्हणाली, ‘पेपरात लिहिलं म्हणे तुम्ही, आम्हाले अक्कल नव्हती म्हणून. अक्कल होती म्हणून तं पहिले रिपोर्ट लिहायले गेलो ना जी ठाण्यात.’ मी म्हणालो, मावशी, तसं नाही लिहिलं. लिहिलं तसंच होतं.

बायकांनी तक्रारी केल्या, त्यांची दखल घेतली गेली नाही, उलट तक्रार करणारीचं नाव त्याच्यापर्यंत पोहोचायचं, असा वस्तीचा आरोप त्या दिवसांत सगळीकडे छापून येत होता. तो मी वाचला होता. माझ्या लेखात त्याचं एक वाक्यसुद्धा नव्हतं, कारण ल बॉनमध्ये पोलीस ठाण्याला जागाच नाही. झुंड का भडकली एवढाच त्याचा प्रश्न. झुंडीच्या आधी कायद्याची दारं कोणी कोणी ठोठावली, हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्यासाठी वेगळी पुस्तकं आहेत. ती माझ्या कपाटात होती.

त्यातलं सगळ्यात जुनं बेक्कारियाचं, १७६४ चं. शिक्षा किती कडक यापेक्षा ती होणार हे किती नक्की, यावर गुन्हा थांबतो, असं त्याचं म्हणणं. जामिनावर सुटून त्याच गल्लीत पुन्हा उभा राहणारा माणूस पाहिल्यावर यातलं समजायला काही उरत नाही. कोहेन आणि फेल्सन यांनी १९७९ मध्ये मांडलं की गुन्ह्याला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: करू पाहणारा, सापडणारा, आणि राखण करणाऱ्याचा अभाव. हे तीन मुद्दे मी परीक्षेसाठी पाठ करून घ्यायचो. राखण करणारा म्हणजे फक्त पोलीस नव्हे, शेजारीही, हे त्या दोघांच्या लेखात स्पष्ट आहे. शेजारी मी होतो. बाजारात दुकानाच्या पायरीवर हफ्त्याच्या गोष्टी माझ्याही कानावर यायच्या. आमच्या कॉलनीत त्यावर ठरलेलं उत्तर होतं: ‘त्यांचं आपसातलं आहे.’ गुन्हा करणारी मुलं मनाची समजूत कशी घालतात याचे प्रकार साइक्स आणि मॅट्झा यांनी १९५७ मध्ये नोंदवले. माझी जबाबदारी नाही, तसं नुकसान झालंच नाही, ज्याचं झालं तो त्याच लायकीचा, अशी ती यादी. गुन्हा न करणाऱ्या कॉलन्यांनाही ती तंतोतंत लागू पडते, हे मला फार उशिरा दिसलं.

आणि डोनाल्ड ब्लॅक. १९८३ च्या त्याच्या निबंधात असं आहे की बऱ्याच गुन्ह्यांमागे तक्रार असते. जिथे कायदा पोहोचत नाही तिथे लोक स्वतःच बंदोबस्त करतात आणि कायदा त्यालाच गुन्हा म्हणतो. १३ ऑगस्टला सगळ्यात जवळ जाणारं हेच. पण ब्लॅक कारण सांगतो, माफी देत नाही. हे न कळल्यामुळे मी तिसरी चूक केली.

जिन्यातल्या त्या भेटीनंतर मी पार दुसऱ्या टोकाला गेलो. महिला दिनाची व्याख्यानं, ‘रणरागिणी’, ‘जनतेचा न्याय’, टाळ्या. पुढे २०२१ मध्ये या प्रकरणावर ‘२०० हल्ला हो’ हा चित्रपट आला आणि २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर माहितीपट, पण हार घालायला मी त्यांच्याही आधी हजर होतो. व्याख्यानात मी बेधडक सांगायचो की या बायकांनी त्याला मारलं. तेव्हा खटला चालू होता. ज्यांच्यावर खुनाचा आरोप होता, त्यांना मी व्यासपीठावरून कौतुकाने दोषी ठरवत होतो. उषा नारायणे हिचंही नाव आरोपींत होतं. ती त्या दिवशी कोर्टात नव्हती, वस्तीत सामूहिक तक्रारीसाठी सह्या गोळा करत होती, असं वार्तांकनात आलं होतं. मला ते व्याख्यानासाठी फारसं उपयोगाचं वाटलं नाही. कागदावर सही घेणारी बाई टाळ्या मिळवत नाही. वस्तीचा कायद्यावर शेवटपर्यंत किती भरवसा होता, याचा सगळ्यात मोठा पुरावा खरं तर त्या सह्या होत्या.

एक चूक मला कोणी दाखवून दिली नाही. सदरलँडने १९३९ मध्ये पांढरपेशांच्या गुन्ह्यांचा विषय काढला, १९४९ मध्ये त्याच्या पुस्तकात सत्तर मोठ्या कंपन्यांचे गुन्हे मोजले. प्रकाशकाने कंपन्यांची नावं काढायला लावली. ती नावं असलेली आवृत्ती आली १९८३ मध्ये, लेखक गेल्यावर तेहतीस वर्षांनी. हे प्रकरण मी दरवर्षी ‘परीक्षेला येत नाही’ म्हणून सोडायचो. लोंब्रोझो, शॉ, मॅके, ल बॉन हे सगळे खाली बघायला लावतात, किंवा मी तसे शिकवले. सदरलँड वर बघायला लावतो, आणि वर आमचीच माणसं होती.

नोव्हेंबर २०१४ मध्ये नागपूरच्या सत्र न्यायालयाने उरलेल्या सगळ्या आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं. भर कोर्टात झालेल्या त्या खुनाबद्दल कोणीही दोषी ठरलेलं नाही. आणि आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला संपतो, त्यामुळे कस्तुरबानगरच्या बायकांनी त्याच्याविरुद्ध ज्या तक्रारी शेवटपर्यंत धरून ठेवल्या, त्यांवरही निकाल लागला नाही. या प्रकरणावर जे कोणी तास घेत असतील, त्यांनी सिद्धांताचं नाव काढण्याआधी एवढं फळ्यावर लिहावं.