रामल्याची वही



आमच्या भाईंदरच्या डोंगरीत बेथलेहेम मातेचे देऊळ आहे. ख्रिस्ती शेजारी चर्चला देऊळच म्हणतात, म्हणून मीही तसेच लिहितो. मुलगा कामानिमित्त इस्रायलात होता आणि सून-नातवासह मी त्याच्याकडे महिनाभर जाणार, हे कळताच शेजारची बाय घरी आली. म्हणाली, "बुवा, खऱ्या बेथलेहेमला जाल तर आमच्या नावाची एक मेणबत्ती लावा." मी हो म्हटले.

तिथे गेलो. येशूच्या जन्मस्थानाच्या त्या मोठ्या चर्चचे दार इतके ठेंगणे आहे की राजा आला तरी त्याने वाकूनच आत जावे. मला नामदेवांची पायरी आठवली. मेणबत्ती लावली, हात जोडले. बाहेर एका अरब दुकानदाराने माझ्या गळ्यातील तुळशीच्या माळेकडे बोट केले आणि खिशातून आपली जपमाळ काढून दाखवली. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती. त्याने चहा दिला, पैसे घेतले नाहीत. इतकेच.

खरे सांगायचे आहे ते रामल्याचे. लोद, रामला, अश्दोद, बेरशेबा, दिमोना या गावांत आपल्या कोकणातून गेलेले बेने इस्रायल पुष्कळ आहेत. रामल्याच्या बाजारात सूनबाई नातवाला दटावत होत्या, "अरे, हात सोडू नकोस!" तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "कुठल्या गं तुम्ही?" वळून पाहिले तर ऐंशी ओलांडलेल्या एक आजीबाई, डोक्याला रुमाल, हातात भाजीची पिशवी. आडनाव सांगितले ते '-कर' लागलेलेच, अलिबागकडच्या एका गावाचे. इथे त्याचा उल्लेख करीत नाही.

आपणांपैकी रायगडकडील मंडळींना ही माणसे ठाऊक असतील. त्यांचे पूर्वज जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, असे ते सांगतात. पुढे गावोगाव तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. नवस फेडायला ते गोड पोहे, खोबरे आणि फळांचा मलिदा करतात व एलिया पैगंबराचे नाव घेतात. 1948 नंतर त्यांतले बहुतेक हळूहळू इस्रायलात गेले.

आजीबाईंनी आम्हाला घरी नेले. दाराच्या चौकटीला त्यांच्या शास्त्रवचनाची नळी, आणि आत चहात गवती चहा घातलेला. मी कीर्तनकार आहे हे मुलाने सांगितले मात्र, आजीबाई उठल्या आणि कपाटातून एक वही घेऊन आल्या. "बुवा, माझे आजोबाही कीर्तन करायचे."

मला हसू आले असते, पण ते खरे होते. 1880 च्या सुमारास मुंबईच्या बेने इस्रायल मंडळींनी आपल्या हरिदासांची कीर्तने ऐकून तशीच स्वतःची सुरू केली. अब्राहम, योसेफ यांची आख्याने मराठीत रचली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यातले मोठे नाव. वळण हरिदासी, म्हणजे आख्यान आणि मध्ये साक्या-दिंड्या. एका अभंगावर निरूपण करणाऱ्या आम्हा वारकऱ्यांपेक्षा निराळे. तरुणपणी मी हरिदासी कीर्तनाला नाटकी म्हणत असे. आता म्हणत नाही.

वही बाळबोध अक्षरात, योसेफाला भावांनी विहिरीत टाकले तिथपासून सुरू होणारी. आजीबाईंची दृष्टी गेलेली. मुले-नातवंडे हिब्रू वाचतात, मराठी थोडे बोलतात, अक्षर एकालाही येत नाही. मी पहिले पान वाचले. दिंडीची चाल लावली तर आजीबाईंनी मध्येच थांबवले, "तशी नव्हे, आजोबा खाली उतरायचे," आणि फुटक्या आवाजात बरोबर उतरून दाखवले.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. तिथे गेल्यावर काही धर्माधिकाऱ्यांनी यांच्या यहुदीपणावरच शंका घेतली, लग्ने लावायला खळखळ केली. सगळा समाज जेरुसलेमात धरणे धरून बसला. 1964 साली तिथल्या सरकारने हे पूर्ण यहुदीच, असे जाहीर केले तेव्हा तो विषय मिटला. "तिकडे शनवार तेली, इकडे हिंदी. देवाच्या दारात उभं राहायला कागद लागला, बुवा." मी चोखोबांवर किती वर्षे निरूपण केले! पण असे वाक्य माझ्या तोंडून कधी निघाले नाही.

निघताना त्या म्हणाल्या, "आता तुमचा एक अभंग उभं राहून म्हणा. आजोबांच्या पाठीमागे मी लहानपणी झांज धरून उभी राहायची. आज धरते."

माउली, मी नाही म्हटले. वीणा नाही, टाळकरी नाहीत, मृदंग नाही, असे सांगितले. शुक्रवार होता. शब्बाथच्या आधी बसगाड्या बंद होतात, तेही कारण पुढे केले. गाडीला अजून पाऊण तास होता हे मुलाला ठाऊक होते, तो काही बोलला नाही. खरे कारण, ज्या घरात विठोबाची मूर्ती नाही, मूर्ती चालतच नाही, तिथे विठ्ठलाचे नाव घेऊन उभे राहावे का, हे मला ठरवता आले नाही. बेथलेहेमला मेणबत्ती लावताना असा प्रश्न पडला नव्हता, कारण ते शेजारणीचे काम होते. इथे मला स्वतःला उभे राहायचे होते. आजीबाईंनी काढलेली झांज फडक्यात गुंडाळून परत ठेवली. "बरं," एवढेच म्हणाल्या.

नातवाने तेवढ्यात वहीची सगळी पाने मोबाईलमध्ये टिपून घेतली होती. तो शहाणा निघाला.

डोंगरीत परतल्यावर बाय विचारायला आली, मेणबत्ती लावलीत ना? लावली म्हटले. रामल्याचे काही सांगितले नाही. पंधरा दिवस नीट झोप आली नाही. मग एका पहाटे काकड्याची वेळ धरून पहिले पान मोठ्याने वाचले, दिंडी आजीबाईंच्या उताराने म्हटली आणि नातवाकडून तो आवाज त्यांच्या नातीच्या फोनवर पाठवला. पाठोपाठ, न विचारता, एक अभंगही उभा राहून म्हटला. टाळ माझे मीच धरले.

दोन दिवसांनी उत्तर आले. अभंगाच्या जागी नुसता झांजेचा आवाज होता, जरा मागे पडणारा. आणि शेवटी, "बुवा, दुसऱ्या पानाची साकी घाई करून म्हणू नका."

तेव्हापासून आठवड्याला एक पान चालू आहे. अकराव्या पानाचा फोटो हलला आहे, योसेफ मिसरात कसा पोचला ते वाचता येत नाही. पुन्हा काढून पाठवा म्हणून निरोप धाडला आहे.