दक्षिणेचं ऊन

तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे घरं बघायला माणसं निघतात. सोयाबीन विकून झालेलं असतं, कापसाची पहिली वेचणी घरात आलेली असते, आणि नोकरदारांच्या डोक्यात पुढच्या जूनची शाळा घोळत असते. पौषात इसार द्यायचा नाही हा नेम अजून बऱ्याच घरांत पाळतात, पण घर बघायला पौषाची आडकाठी नाही. उलट पौषात माणूस निवांत बघतो, घरी जाऊन चार दिवस बोलतो आणि माघात बैठकीला बसतो.

मी स्थापत्य अभियंता. घरांचं मूल्यांकन करायचं, विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालून द्यायची, हे माझं काम. बुलढाणा, चिखली, मेहकर हा घाटावरचा भाग आणि खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर हा घाटाखालचा, असा माझा वावर. या कामात माझं एक मत पक्कं झालं आहे. आपल्या जिल्ह्यात घर दाखवायला हिवाळ्यासारखा काळ नाही, आणि हिवाळ्यात आलेल्या माणसाला घर आपलंसं वाटतं ते दोन गोष्टींमुळे: घरात आलेलं ऊन आणि घरमालकाचं मोकळं बोलणं. नवे पडदे आणि शोभेच्या कुंड्या त्यानंतर.

आधी उन्हाचं सांगते. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरवर आहे. राजूर घाटातून मोताळ्याकडे किंवा बोथ्याच्या जंगलातून खामगावकडे उतरलं की हवा बदललेली जाणवते. तरी डिसेंबर-जानेवारीतली सकाळ दोन्हीकडे गारच. जुन्या धाब्याच्या घरांच्या दोन-दोन फुटी मातीच्या भिंती दिवसाची ऊब रात्रभर धरून ठेवायच्या. स्लॅबचं घर रात्री उघड्या आभाळाखाली निवत जातं आणि सकाळी नऊपर्यंत आतून थंड लागतं. म्हणून सकाळी आठला, दूधवाल्याच्या वेळेला, घर दाखवायला बोलावू नये. डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. तो डोक्यावर म्हणजे सर्वांत वर येतो तो बाराला नव्हे, साडेबाराच्या जवळपास. घर दाखवायची खरी वेळ अकरा ते तीन.

या दिवसांत सूर्य पूर्वेला नेमका उगवत नाही, चांगला पंचवीस अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो. भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून जेमतेम सेहेचाळीस अंश वर असतो. याचा अर्थ असा, की दक्षिणेच्या भिंतीत खिडकी असेल, तिचा वरचा काठ जमिनीपासून सात फुटांवर असेल आणि दीड फुटाचा छज्जा असेल, तरीही ऊन खोलीत साधारण साडेचार-पाच फूट आत येतं. तिथं टाकलेल्या चटईवर बाळाला तेल लावता येतं, आजीला पाय शेकता येतात, डाळी वाळवता येतात. मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाच सूर्य आपल्या थेट माथ्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि जूनमध्ये तो दुपारी किंचित उत्तरेकडूनच जातो. तेव्हा त्याच दक्षिणेच्या खिडकीतून दुपारचं ऊन आत येतच नाही. जी खिडकी थंडीत ऊब देते आणि उन्हाळ्यात ऊन अडवते, तिच्यापेक्षा चांगली खिडकी मला माहीत नाही.

आणि नेमकी दक्षिणमुखी घरंच विकायला सर्वांत अवघड. खामगावकडचे गिऱ्हाईक दारातूनच मान हलवतात: "घर त बेस हाये ताई, पन तोंड दक्षिनेले हाये." ज्यांची दिशेवर श्रद्धा आहे त्यांच्याशी मी वाद घालत नाही, ज्याला तिथं झोपायचं आहे त्याच्या मनाला शांतता हवीच. पण ज्यांनी केवळ ऐकून मनात धरलेलं असतं, त्यांना मी जानेवारीत साडेअकराला त्या घरात उभं करते. पुढची खोली उजळलेली असते, फरशीवर ऊन पसरलेलं असतं, घरातली माणसं आपोआप तिथंच बसलेली असतात. मग पुन्हा दिशेचा विषय निघालाच, तर तो निदान अनुभवानंतर निघतो. दक्षिणमुखी घराच्या मालकांनी दिवाळीआधी घाईनं किंमत पाडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांचं घर सर्वांत सुंदर दिसायचा महिना अजून यायचा असतो.

उत्तरमुखी घराची गोष्ट उलटी. त्याला मागणी जास्त, पण हिवाळ्यात त्याचा दर्शनी भाग दिवसभर सावलीत असतो, ओटा गार पडलेला असतो. अशा घरात पाहुण्याला पुढच्या खोलीत सोफ्यावर बसवून चहा दिला, तर तो खांदे आखडून बसतो आणि लवकर निघतो. मागचं दार उघडा, परसातल्या उन्हात खुर्च्या टाका, बोलणी तिथं करा. घर आधी फिरवून दाखवा आणि चहा शेवटी द्या, जिथं ऊन असेल तिथं. बघायला आलेल्या बाईंना स्वयंपाकघरात थोडा वेळ एकट्यांना राहू द्या. ओट्याची उंची, खिडकीतून येणारा उजेड, कुकर ठेवायची जागा हे त्या आपल्या मनाशी मोजत असतात. त्यात मालकाचं बोलणं अडथळा ठरतं.

आपल्याकडे घर बघणारा चपला दारात काढतो. म्हणजे घराची पहिली ओळख होते ती तळपायाला. गुळगुळीत टाइल्स डिसेंबरात बर्फासारख्या लागतात, मग कितीही महाग असोत. दारापासून आतपर्यंत एक सतरंजी किंवा साधी चटई अंथरली की हे काम होतं. त्यासाठी गालिचा विकत आणायची गरज नाही. दुसरी गोष्ट वासाची. थंडीत खिडक्या बंद, पेटीतून काढलेल्या वाकळी आणि ब्लँकेटांना डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि तो सगळ्या घरात भरलेला. सकाळी नऊला खिडक्या उघडा, पांघरुणं गच्चीवर घाला, ऊन उतरायच्या आत खिडक्या लावून घ्या. उदबत्तीच्या धुरानं वास झाकला की बघणाऱ्याला ओलीची शंका येते.

आता कापसाची खोली. आमच्या जिल्ह्यातलं घर आणि हिवाळा म्हटलं की ती टाळता येत नाही. 1870 साली जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठीच, आणि कापूस आजही घाटाखालच्या घरांचा हिवाळ्यातला सोबती आहे. भाव चढेल या आशेवर एक अख्खी खोली जमिनीपासून वर छतापर्यंत पांढरी झालेली असते. घर बघायला माणसं येणार म्हणून मालक त्या खोलीचं दार ओढून घेतात आणि "आत कापूस आहे" एवढंच सांगतात. बंद दारामागे भेग आहे, गळती आहे, असं बघणाऱ्याच्या मनात लगेच येतं. दार उघडा. बाहेरच्या भिंतीला टेकलेला कापूस हातभर तरी आत ओढा, म्हणजे भिंत वरपासून खालपर्यंत दिसेल आणि तिला हवाही लागेल. साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते, म्हणून लहान मुलांना त्या खोलीत लोळू देऊ नका. पाहुण्याच्या हातात बिडी असेल तर ती अंगणातच राहू द्या. आणि खोली केव्हा रिकामी होईल ते नक्की सांगा. रिकाम्या खोलीचं दर्शन पुन्हा एकदा द्यायची तयारी ठेवली, तर सौदा अडत नाही.

भिंतींबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण दिवाळीच्या रंगाखाली बरंच काही दबतं. पूर्णेच्या खोऱ्यातला मोठा भाग खारपाणपट्ट्यात येतो. तिथं बोअरचं खारं पाणी बांधकामात आणि प्लास्टरवर मारायला वापरलं गेलं असेल, तर पावसाळ्यात भिंत ओली राहते आणि हिवाळ्यात सुकताना खार बाहेर येतो. पांढरी भुकटी, मग रंगाचे फुगे, मग पापुद्रे. त्यावर पुट्टी ओढून डिस्टेंपर मारला तर काही महिन्यांत तो पुन्हा फुगतो, आणि तोवर घर घेणारा राहायला आलेला असतो. खार कोरड्या ब्रशनं झाडावा, पाण्यानं धुऊ नये. पाण्यात विरघळून तो परत भिंतीत शिरतो. चुन्याचा हात द्यावा, भिंतीला सुकू द्यावं, आणि बघणाऱ्याला भिंत जशी आहे तशी दाखवावी.

काळ्या मातीचंही तसंच. पावसात ती फुगते, मग सुकत जाताना आकसते आणि घराला हलवते. पावसाळ्यात घट्ट बसलेलं दार डिसेंबरात सहज लागू लागतं आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. अशा जमिनीसाठी रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं तळाशी फुगीर बुंधा असलेल्या पाइलची पद्धत विकसित केली, पण आपल्याकडच्या लहान घरांत बहुतेक ठिकाणी काळी माती काढून मुरूम भरला जातो, किंवा तेवढंही होत नाही. प्रत्येक भेग धोक्याची नसते. प्लास्टरपुरती केसासारखी भेग वेगळी आणि विटांतून आरपार गेलेली, वर्षागणिक रुंदावणारी भेग वेगळी. पाया किती खोल आहे, मुरूम भरला होता का, भेग कोणत्या वर्षी प्रथम दिसली, हे मालकानं स्वतःहून सांगितलं तर घेणारा घाबरत नाही. नंतर शेजाऱ्याकडून कळलं तर मात्र पहिली इसारचिठ्ठी फाटते.

चिखलीत एका निवृत्त शिक्षकांनी आपलं घर दाखवताना पहिल्यांदा काय काढलं, तर टँकरच्या पावत्या. हिवाळ्यात विहिरी भरलेल्या असतात, बोअर जोरात चालतं, त्यामुळे पाण्याचं खरं चित्र या दिवसांत दिसतच नाही. सरांनी सांगितलं, चैत्र संपता संपता आमचं बोअर आटतं, मग दीड महिना टँकर लागतो, त्याचा खर्च एवढा येतो. सोबत नमुना आठ, कराची पावती, वर्षभराची वीजबिलं एका फायलीत लावून ठेवली होती. घेणाऱ्यानं गच्चीवर मोठी टाकी बसवण्याचा खर्च धरून भाव ठरवला आणि व्यवहार विनातक्रार झाला. त्या घरात रंग जुना होता, पण माझ्या पाहण्यात इतकं अगत्याचं घर क्वचितच आलं असेल.

नोकरदार गिऱ्हाईक संध्याकाळीच येणार, त्याला इलाज नाही. सहाच्या आत अंधारतं. फाटकावरचा दिवा, जिन्यातला, न्हाणीतला, सगळे आधी लावून ठेवा. पाहुण्याबरोबर खोल्यांतून बटणं शोधत फिरू नका. खेड्यांत रब्बीच्या पाण्यासाठी पंप सुरू झाले की दिवे मंदावतात, तेव्हा चार्जिंगचा दिवा हाताशी असावा. त्याच माणसाला रविवारी दुपारी पुन्हा या, असं आग्रहानं म्हणा.

घर घेणाऱ्यांनाही हेच सांगते. इसार देण्याआधी एकदा भर उन्हात या, एकदा दिवेलागणीला या, भिंतीला हात लावून बघा, आणि मे महिन्यात पाणी कुठून येतं हे शेजारच्या घरी विचारल्याशिवाय सही करू नका.