ठकी साळुंकी

मागच्या खेपेला उसातल्या हुमणीवर लिहिलं होतं. आज हुमणी खाणाऱ्या पाखराबद्दल लिहितो. नांगरट सुरू झाली की ट्रॅक्टरच्या मागं बगळ्यांबरोबर पिवळ्या चोचीच्या साळुंक्या चालत असतात, त्या आपण रोज बघतो. त्यातलीच एक यंदा आमच्या घरात महिनाभर होती.

मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यानं आमच्या मोटरपेटीवरचा पत्रा उडाला. पत्र्याखाली साळुंकीचं घरटं होतं. तीन पिल्लं मेली, एक जगलं. डोळे उघडलेले, अंगावर काड्यांसारखी अर्धी पिसं. घरट्याचा कचरा बुट्टीत भरला, त्यात पिल्लू ठेवून बुट्टी खांबाला टांगली आणि लांब जाऊन बसलो. माणसाचा हात लागला म्हणून पाखरं पिल्लू टाकत नाहीत, आईबाप आसपास असतील तर येतात. पण दिस मावळायला आला तरी कावळ्यांशिवाय कोण फिरकलं नाही. मग घरी आणलं. कोल्हापुरातल्या एका पक्षीमित्राला आणि वनरक्षकांना फोन केला. दोघांचं म्हणणं एकच, जगवा आणि उडायला लागली की सोडा.

आईनं नाव ठेवलं ठकी. आईचं वय अठ्ठ्याहत्तर. दादा गेल्यापासून ती कमीच बोलायची. जेवायला हाक मारली तर यायची, नाहीतर भिंतीला टेकून बसलेली. ठकी आली आणि आईला काम लागलं. दिसभर अर्ध्या-अर्ध्या तासाला पिल्लू चोच उघडायचं. नातू नाकतोडे धरून आणायचा, मी हुमणीच्या अळ्या, आणि आई उकडलेल्या अंड्याचा बलक बोटावर घेऊन भरवायची. दूध, भाकरी द्यायची नाही आणि चोचीत पाणी ओतायचं नाही, ते श्वासनळीत जातं, असं पक्षीमित्रानं बजावलं होतं.

दहा-बारा दिवसांत ठकी घरभर झाली. आईच्या पानाच्या डब्यातली सुपारी पळवून न्हाणीत टाकायची. दूध डेअरीच्या पुस्तकाची पानं ओढायची. म्हशीच्या पाठीवर बसून माश्या टिपायची आणि प्यायच्या पाण्याच्या घागरीवर बसून आंघोळ करायची. सूनबाई वैतागली, "आत्याबाई, तुमच्या ठकीला आवरा." आई हसायची. वर्षभरानं आई मोठ्यानं हसलेली आम्ही ऐकली.

खरी अडचण पुढंच होती. ठकी उडायला लागली, पण लांब जाईना. वाटेनं जाईल त्याच्या खांद्यावर जाऊन बसायची. मांजर आलं तरी मान वाकडी करून बघत बसायची. शेजारचा म्हणाला, "पंख छाट आणि पिंजरा आण, बोलायला शिकंल." आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे की लेका. खाती किती ती?"

मी आईला आरिफची गोष्ट सांगितली. उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यातल्या मोहम्मद आरिफला २०२२ साली शेतात पाय मोडलेला सारस सापडला. त्यानं तो बरा केला. बांधून ठेवला नव्हता, तरी सारस त्याच्या मोटारसायकलमागं उडत जायचा, त्याच्या ताटात जेवायचा. व्हिडिओ देशभर फिरले. मार्च २०२३ मध्ये वनखात्यानं सारस नेला, आधी समसपूर अभयारण्यात आणि मग कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात. आरिफ भेटायला गेला तर त्याला बघून सारस जाळीच्या आत पंख फडफडवत नाचत होता. माया दोघांचीही खरी होती, तरी शेवटी पाखरू जाळीतच गेलं.

कायदाही तसाच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं पोपटासारखे आपले रानपक्षी पिंजऱ्यात पाळणं गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी माणसाला न भिणारं पाखरू रानात टिकत नाही.

आई रात्रभर काय बोलली नाही. सकाळी म्हणाली, "मग काय करायचं ते कर, पर मांजराच्या तोंडी देऊ नगंस."

हातानं भरवायचं बंद केलं. अळ्या मातीत पसरून ठेवायच्या, तिनं उकरून खायच्या. रोज सकाळी तिला नांगरटीच्या रानात न्यायचं. पहिले तीन दिवस ती माझ्या मागं घरी आली. चौथ्या दिवशी साळुंक्यांच्या थव्यात तासभर चरली. मांजर दिसलं की आई स्वतः काठी आपटून, ओरडून तिला उडवायची. सगळ्यात अवघड काम तेच होतं आणि ते आईनं केलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात ठकी संध्याकाळी आली नाही. नंतर दोनदा छपरावर बसून गेली, खाली उतरली नाही. आता थव्यातली ठकी कुठली ते मला ओळखता येत नाही. आई म्हणते, तिला येतं. सकाळी ती आता काठी टेकत बांधापर्यंत येते.

साळुंकीच्या शास्त्रीय नावाचा अर्थच टोळांचा शिकारी असा आहे. टोळ खाईल म्हणून अठराव्या शतकात तिला मॉरिशसला नेलं, पुढं ऑस्ट्रेलियातल्या उसाच्या मळ्यातही सोडलं. तिथं आता ती दुसऱ्या पाखरांच्या ढोल्या बळकावते म्हणून नकोशी झाली आहे. आपल्याकडं मात्र ती आपल्याच रानातली आहे.

पिसं आलेलं पिल्लू खाली टुणटुणताना दिसलं तर उचलू नका. ते उडायला शिकत असतं, आईबाप वरून बघत असतात. फार तर उंच फांदीवर ठेवा. जखमी असेल तर वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन करा. आणि मोटरपेटीचा पत्रा बदलायचा असेल तर आधी खाली वाकून घरटं आहे का बघा. अंड्यातनं बाहेर पडलेली पिल्लं साधारण तीन-चार आठवड्यांत उडून जातात. तेवढा पत्रा थांबू शकतो.