वेदीवरचा तिरंगा

वसईत पंधरा ऑगस्टच्या सकाळी दोन सण एकदम येतात. चर्चच्या अंगणात झेंडावंदन, आणि आत मरियामातेला देहासकट स्वर्गात घेतल्याच्या सणाची मिस्सा. मरियेचा सण कितीतरी शतकं जुना, स्वातंत्र्य १९४७चं. तारखांची गाठ पडली ती योगायोगाने. लहानपणी मात्र आमची खात्री होती, की इंग्रजांना मरियामातेनेच हाकललं. राष्ट्रगीत संपलं की तोच घोळका पायऱ्या चढून आत जायचा. खिशाला टाचलेल्या कागदी झेंड्यासकट गुडघे टेकायचा. मध्ये उंबरठा आहे हे कुणाच्या ध्यानातही नसे.

तो जाणवला इतिहासाच्या तासाला. १७३९, चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला. धडा वाचताना ऊर भरून यायचा, मराठीच होतो ना आम्ही! आणि मागच्या बाकावरून कुजबुज यायची, "अरे, तुमच्यावरच मिळवला हा विजय!" किल्ल्यात राहायचे ते फिरंगी. आमचे पूर्वज बाहेर वाडीत पानवेली आणि केळी लावणारे. पण हे दर वेळी कुणाकुणाला सांगत बसणार?

वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे. तिथे देवळाजवळ एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे, वसईच्या मोहिमेतून आलेली. तिच्या अंगावर बाळ येशूला घेतलेली मरिया आणि १७०७ हे साल. मरियेच्या आकृतीवरून बोट फिरवलं, तर उठाव अजून हाताला लागतो. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरलाही अशा फिरंगी घंटा आहेत. मेणवलीला उभा होतो तेव्हा अभिमान वाटला आणि वाईटही वाटलं. आधी काय वाटलं ते आजही सांगता येणार नाही.

तशी ती घंटा तरी पहिल्यापासून निव्वळ देवाची कुठे होती? ती ज्या चर्चची, त्याचे इकडचे बिशप कोण असावेत हे सुचवण्याचा हक्क पोपनेच पोर्तुगालच्या राजाला दिलेला. पुढे इंग्रजांचं राज्य आलं. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली त्या १८८७ साली मुंबई-साष्टीकडच्या आमच्या भाऊबंदांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं, नोकऱ्यांसाठी आपण गोवेकरांहून वेगळे दिसावं म्हणून. नाव कुणाचं, तर ज्या कंपनीने देश गिळला तिचं! ज्याचं राज्य त्याची खूण अंगावर मिरवायची, ही खोड आमच्यात मुरलेली आहे.

म्हणून हल्ली कुठे पंधरा ऑगस्टला वेदीच केशरी, पांढऱ्या फुलांनी आणि हिरव्या पानांनी तिरंगी सजवलेली दिसली, की माझं मन आखडतं. झेंडूवर माझा राग नाही. पण त्या सजावटीत प्रेम किती आणि 'बघा, आम्हीही इथलेच' हे दाखवायची धास्ती किती, असं विचारावंसं वाटतं. अंगणातल्या खांबावर तिरंगा हक्काने फडकतो. वेदीपाशी मात्र देशानेही गुडघेच टेकायचे.

देशासाठी प्रार्थना मिस्सेत होतेच. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करा, हे पौलाच्या पत्रात आहे, आणि राज्य तेव्हा रोमन सम्राटांचं होतं. सीमेवरच्या जवानांसाठी प्रार्थना झाली, की सगळं चर्च एका आवाजात "प्रभो, आमची प्रार्थना ऐक" म्हणतं. गाडी अडते ती त्याच्या पुढे. शत्रूवर प्रीती करा, असं येशूने सांगितलं. सीमेपलीकडचे शत्रू त्यातून वगळलेले नाहीत. मग पलीकडच्या जवानाच्या आईसाठी प्रार्थना का नको? एकदा सणाच्या आदल्या संध्याकाळी मी आमच्या फादरांना हे सुचवलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग दारावरच्या लाउडस्पीकरकडे बोट दाखवून म्हणाले, "मनातल्या मनात म्हण."