आधी खरखर कमी करा

निपाणी हे माझे आजोळ. तिथला माझा मामेभाऊ हौशी रेडिओवाला, म्हणजे ‘हॅम’. त्याच्याकडे येणाऱ्या नवशिक्यांचा प्रश्न ठरलेला असतो, ‘प्रीअँप्लिफायर कुठला घेऊ?’ अँटेनाने पकडलेला क्षीण संदेश रेडिओत शिरण्यापूर्वी मोठा करणारी ही डबी. भाऊ उलट विचारतो, ‘ऐकायचंय काय?’

मंडळी, सगळी मेख इथेच आहे. मध्यम किंवा लघुलहरी ऐकायच्या तर ही डबी बहुधा कामाची नाही. तिथली खरखर बाहेरूनच येते. दूरवरच्या विजा, शेजारची मोटर, एलईडी दिव्यांचे स्वस्त अडॅप्टर... डबी आवाजासोबत खरखरही तितकीच वाढवते. आमच्या मामांना यातले शास्त्र ठाऊक नव्हते, पण उपाय ठाऊक होता. ते रेडिओच फिरवायचे. आतली फेराइटची कांडी दिशा ओळखते. सांगलीसाठी सेट एका अंगाला, धारवाडसाठी दुसऱ्या. १९५६ साली निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली, पण मामांच्या घरी सांगलीची मराठी आणि धारवाडची कानडी एकाच फळीवरून ऐकू यायची. सीमाभागात आवाज वाढवणारे दोन्हीकडे पुष्कळ झाले. असे कान वळवणारे थोडे.

१४४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आणि त्याच्या वर मात्र डबीला अर्थ येतो. तिथे बाहेरचा गोंगाट कमी, म्हणून डबीची स्वतःची खरखर महत्त्वाची ठरते. तिचे माप म्हणजे ‘नॉइज फिगर’. १४४ वर ते एक डेसिबलच्या आसपास असले की पुरे. त्याखाली जायला पैसे ओतून फारसे पदरात पडत नाही, कारण आकाशगंगेची खरखर असतेच. डबी बसवायची ती वर, अँटेनापाशी. केबलमध्ये तीन डेसिबल गेले म्हणजे निम्मा संदेश गेला. खाली टेबलावर कितीही वाढवा, गेलेले परत येत नाही. जवळ एफएमचा मनोरा असेल तर फिल्टर हवा. आणि त्याच अँटेनावरून आपण बोलणार असू, तर त्या वेळी डबी बाजूला काढणारा रिले हवाच, नाहीतर ती जळालीच म्हणून समजा.

हेच मोठ्या प्रमाणावर पाहायचे तर नारायणगावजवळच्या खोडदला जावे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या जीएमआरटीचे ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना तिथे आहेत. प्रत्येकाच्या नाभीपाशीच कमी खरखरीचे अँप्लिफायर बसवले आहेत. पण त्याही आधी, जागा निवडताना, माणसाने केलेला रेडिओ-गोंगाट कुठे कमी आहे ते पाहिले गेले.

म्हणून भाऊ नवशिक्याला दुकानाचा पत्ता आधी देत नाही. रेडिओ बॅटरीवर लावायला सांगतो आणि घराचा मेन स्विच पाडायला लावतो. खरखर एकदम उतरली, तर ती आपल्याच घरातली होती. मग एकेक स्विच वर करत ती शोधायची. याला खर्च काही नाही.