अंदमानला कधी जावे?

मराठी घरांतील ज्येष्ठांच्या मनात काशी-रामेश्वराच्या जोडीने आणखी एक तीर्थ असते, ते म्हणजे अंदमान. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९११ ते १९२१ या काळात जेथे काळ्या पाण्याची शिक्षा भोगली, ती कोठडी एकदा डोळ्यांनी पाहावी, ही इच्छा माझ्या अनेक वृद्ध रुग्णांनी बोलून दाखविली आहे. बपेऱ्यासारख्या मध्य प्रदेशाच्या सीमेलगतच्या, समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या गावातही ती आहे. 'जाऊ का?' असे ते विचारतात. माझ्या मते 'केव्हा जाऊ?' हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे.

आमच्या परिसरातील एका निवृत्त गुरुजींचे उदाहरण सांगतो. वय ७८. हृदयाची कार्यक्षमता काहीशी कमी, मधुमेह जुना, लघवीची गोळी नियमित चालू. मुलगा पुण्यात नोकरीस. नातीला सुट्टी मे महिन्यातच, म्हणून त्याने मे महिन्याचा बेत आखला. गुरुजींना नात बरोबर हवी होती. "डॉक्टरसाहेब, तिला ती कोठडी मीच दाखवली पाहिजे," असे ते म्हणाले. या इच्छेपुढे हवामानाचे गणित मांडणे सोपे नव्हते. तरीही ते मांडणे आवश्यक होते.

अंदमानात तापमान वर्षभर साधारण २३ ते ३१ अंशांच्या आसपास असते. भंडाऱ्याच्या पंचेचाळीस अंशांपुढे हा आकडा सौम्य वाटतो आणि येथेच फसगत होते. आपला वैशाखातील उन्हाळा कोरडा; घाम वाळतो आणि शरीर थंड होते. बेटावरील हवा दमट असल्याने घाम वाळत नाही, उष्णता अंगातच कोंडते आणि अशक्त हृदयावर ताण पडतो. त्यात मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळच्याही आधी अंदमानात पोहोचतो. मग सप्टेंबरपर्यंत समुद्र खवळलेला असतो.

दिवाळीची सुट्टीही निर्धोक नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा काळ आहे. डिसेंबर २०१६ मध्ये खराब हवामानामुळे हॅवलॉक (आताचे स्वराज द्वीप) व नील (आताचे शहीद द्वीप) येथे शेकडो पर्यटक अडकले होते आणि त्यांना आणण्यासाठी नौदलाची जहाजे पाठवावी लागली. तरुणाला असा मुक्काम लांबला तर गैरसोय होते. मोजून औषधे नेलेल्या वृद्धाच्या तो जिवावर बेतू शकतो. गंभीर रुग्णाला लहान बेटांवरून पोर्ट ब्लेअरच्या (आता श्री विजयपुरम) मोठ्या रुग्णालयात न्यावे लागते आणि तो मार्ग समुद्रावरून किंवा हेलिकॉप्टरनेच असतो. हवा बिघडली की दोन्ही बंद.

म्हणून ज्येष्ठांसाठी मी जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य हा काळ सुचवितो. पाऊस कमी, समुद्र बराच शांत, उकाडा सोसण्याजोगा. आपल्याकडे तोवर धानाची चुरणी आटोपलेली असते, घरच्यांना उसंत असते. शिवाय पौष-माघातील थंडीत ज्यांचा दमा उसळतो, त्यांना तेथील उबदार हवा बहुधा मानवते.

मात्र ऋतू अनुकूल असला तरी प्रकृतीचाही 'ऋतू' पाहावा लागतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर किमान सहा ते आठ आठवडे थांबावे आणि हृदयरोगतज्ज्ञांच्या संमतीनेच निघावे. औषध नुकतेच बदलले असेल, साखर वरखाली होत असेल, पायांवर सूज असेल, तर तिकीट काढू नये. साधी कसोटी अशी: सावकाश दोन मजले चढून दम न लागता बोलता येते का? सेल्युलर जेलमधील सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर आहे, हे ध्यानात ठेवावे.

प्रवासातील काही गोष्टी सोबतच्या आप्तांनी आवर्जून सांभाळाव्यात. प्रसाधनगृहाची अडचण नको म्हणून वृद्ध मंडळी लघवीची गोळी गुपचूप टाळतात आणि पाणीही पीत नाहीत. गोळीची वेळ बदलायची झाल्यास डॉक्टरांना विचारावे. स्वतः बंद करू नये. इन्सुलिन व सर्व औषधे हातातील पिशवीत ठेवावीत, आठवडाभराची जास्तीची घ्यावीत. बोट लागू नये म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांनी ज्येष्ठांना गुंगी येते, क्वचित भ्रम होतो, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडते. त्या विचारूनच घ्याव्यात. बेटे पूर्वेला असल्याने हिवाळ्यात तेथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधारात ओल्या धक्क्यावर पाय घसरून खुबा मोडण्याचे भय मला वादळाइतकेच वाटते. फिरणे सकाळीच उरकावे.

गुरुजींच्या घरी यावर दोन आठवडे चर्चा झाली. पुढच्या वर्षी सर्वांनी मिळून जाऊ, असा मुलाचा आग्रह होता. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी 'पुढचे वर्ष' हा शब्द किती जपून वापरावा, हे मी त्याला एकांतात सांगितले. अखेर गुरुजी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लेकीबरोबर गेले. दोन्ही जिन्यांच्या मध्ये बसून, विश्रांती घेत वर चढले. नात बरोबर नव्हती, याची रुखरुख त्यांना आजही आहे, आणि ती खोटी ठरविण्याचा प्रयत्न मी करीत नाही. परतल्यावर त्यांनी तिला आठ पानांचे पत्र लिहिले. ते तिने जपून ठेवले आहे, असे तिचे वडील सांगतात.

आपल्या घरी असा बेत असेल, तर चुरणी संपताच ज्येष्ठांना घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे. तपासण्या आधी, तिकिटे नंतर. आणि नातवंडांच्या सुट्टीचा हट्ट असेल, तर तोही त्याच वेळी डॉक्टरांसमोर मोकळेपणाने बोलावा.