पिवळ्या पट्ट्यांतली जागा

"पण काकू, तुमच्या गाडीच्या जागेत आम्ही लावलीच नाहीये," असं तो मुलगा म्हणाला, आणि ते खरं होतं. माझा राग अजून जात नाही तो त्यामुळेच. उर्मटपणे बोलला असता तर चार शब्द सुनावून मी मोकळी झाले असते. पण मुलगा सभ्य होता. स्कूटर त्याने सरळ, कुणाच्या गाडीला चरा जाणार नाही अशी लावली होती. फक्त ती माझ्या ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराला लागून, पिवळे तिरपे पट्टे मारलेल्या जागेत होती. तिच्या शेजारी आणखी दोन.

मला लहानपणी पोलिओ झाला. आमच्या पिढीत पुष्कळांना झाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. कॅलिपर घालून शाळा-कॉलेज, मग साइड व्हील लावलेली कायनेटिक, नोकरी, आणि पन्नाशीच्या आसपास खांदे आणि चांगला पायसुद्धा कुरकुरायला लागल्यावर व्हीलचेअर. डॉक्टर त्याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. गाडी ऑटोमॅटिक आहे, तिला हँड कंट्रोल बसवलाय. दांडा ढकलला की ब्रेक, ओढला की वेग. चालवते मीच. हे 'मीच' लोकांच्या डोक्यात शिरत नाही. मॉलच्या गेटवरचे गार्ड अगदी प्रेमाने सांगतात, "मॅडम, तुम्हाला दारातच उतरवू, गाडी ड्रायव्हर लावेल." अहो, ड्रायव्हर कोण?

अपंगांची राखीव जागा दाराजवळ असते, म्हणून लोकांना वाटतं की ती चालायचे कष्ट वाचवायला असते. कुणासाठी असेलही. मला मात्र दूर असली तरी चालेल, चाकं आहेत माझ्याकडे. मला हवी असते रुंदी. साधारण गाडीला अडीच मीटर पुरतात, आमच्या जागेला नियमाने 3.6 मीटर हवेत. वरचा मीटरभर म्हणजेच ते पट्टे. दार पूर्ण उघडायचं, शेजारच्या सीटवरून खुर्चीचा सांगाडा अंगावरून बाहेर घ्यायचा, एक चाक, दुसरं चाक, उशी, ब्रेक, आणि मग सरकायचं. दार अर्धंच उघडलं तर यातलं काहीही होत नाही. पट्टे कधी डाव्या हाताला असतात, मग मी गाडी उलटी लावते, म्हणजे ते माझ्या बाजूला येतात. मागच्या गाड्यांना वाटतं, बाईला गाडी लावता येत नाही.

तर त्या रविवारी. महिन्याचं सामान घेऊन मी खाली आले आणि तीन स्कूटर. गाडीपर्यंत पोचता येत होतं, आत शिरता येत नव्हतं. गार्डला हाक मारली. वयाने मोठे होते, म्हणून मी त्यांना मामा म्हणते. त्यांनी एक स्कूटर हलवायचा प्रयत्न केला, हँडल लॉक. दुसरी, तीही लॉक. मग वॉकीटॉकी, मग वरच्या मजल्यावर माइकवरून नंबर. तुम्ही मॉलमधलं ते माइकवरचं ऐकलंय का कधी? गाण्यांच्या गोंगाटात 'एम एच बारा' एवढंच कळतं, आणि पुण्यात सगळेच एम एच बारा.

हळूहळू माणसं जमली. आपल्याकडे मदतीला माणसं कमी पडत नाहीत, हे मी मनापासून सांगते. एक जण म्हणाला, "ताई, आम्ही दोघं उचलून तुम्हाला बसवतो ना, काय प्रॉब्लेम आहे?" मी नको म्हटलं. दुसरा म्हणाला, "डावीकडनं चढा आणि सरका." डावीकडे खांब होता. तिसऱ्याने बरोबर मुद्दा काढला: "किल्ली द्या, मी गाडी बाहेर काढून देतो." हे सहज शक्य होतं. हँड कंट्रोल लावला तरी खाली पाय ठेवायचे पेडल जागेवरच असतात, कुणीही चालवू शकतं. मी त्यालाही नाही म्हटलं. एक बाई म्हणाल्या, "कशाला एवढं ताणायचं?" त्यांनी मी ऐकू नये इतक्या हळू म्हटलं नव्हतं.

का ताणलं? माझ्या गाडीची किल्ली मी अनोळखी माणसाला का द्यायची, हे एक. आणि दुसरं असं की मी किल्ली दिली असती तर तीन मिनिटांत सगळं मिटलं असतं आणि त्या तिन्ही स्कूटरवाल्यांना कधी कळलंच नसतं. ते खाली आले असते, स्कूटर घेतल्या असत्या आणि गेले असते. म्हणून मी थांबले. दुधाच्या पिशव्या मांडीवर गरम झाल्या. बाथरूमला जायचं होतं. मॉलमध्ये आमच्यासाठी वेगळं स्वच्छतागृह आहे, त्यात फरशी पुसायचे मॉप आणि बादल्या ठेवतात, पण तो विषय आज नको. मधेच मामांनी मला पाण्याची बाटली आणून दिली. दोन स्कूटर डिलिव्हरीवाल्या पोरांच्या निघाल्या, ती धावत आली, "सॉरी मॅडम" म्हणत पळाली. त्यांच्यावर चिडायला माझं मन झालं नाही, त्यांचं घड्याळ वेगळं असतं. सगळ्यात शेवटी तो सभ्य मुलगा, हातात पॉपकॉर्नचा पुडा, बरोबर बायको. आणि ते वाक्य.

मी त्याला पट्टे कशासाठी असतात ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. "आम्हाला वाटलं, गाडी लागून उरलेली जागा आहे," बायको म्हणाली. त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही ठामपणे म्हणता आलं नाही. पट्ट्यांवर तिथे काय लिहिलं होतं? काहीच नाही. जमिनीवर निळं खुर्चीचं चित्र, बाजूला पट्टे. ड्रायव्हिंग लायसन्सच्या परीक्षेत हे कुणी विचारतं का?

कायदा नाही असं नाही. मुंबई सोडून बहुतेक राज्याला लागू असलेल्या 2020 च्या बांधकाम नियमावलीत दोन गाड्यांची जागा, दारापासून जास्तीत जास्त 30 मीटर, रुंदी 3.6 मीटर, हे स्वच्छ लिहिलंय. जागा राखीव आहे हे ठळक दिसेल अशी पाटी लावा, हेही लिहिलंय. भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत रंग ताजा असतो. नंतर तिथे कुंड्या येतात, जनरेटरचं डिझेल येतं, आणि आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत तर चेअरमनसाहेबांची गाडी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत आणि पुढच्याला पन्नास हजार ते पाच लाख दंड आहे. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी 2005 साली याचिका केली होती, तिच्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये सरकारला बजावलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारस म्हणून चालणार नाहीत, सक्तीचे करा. सगळं छान आहे. ट्रॅफिक पोलिसांना फोन केला तर ते म्हणतात, मॉलची खासगी जागा आहे, मॉलला सांगा. मॉल म्हणतो, कस्टमरला आम्ही कसं बोलणार?

यावर मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत होते की आपल्याकडे पार्किंगचं सरकारी कार्डच पाहिजे. अमेरिकेत डॉक्टरच्या सहीवर राज्य सरकार आरशाला अडकवायचं कार्ड देतं. इथे खुर्चीचं स्टिकर 'आई-वडिलांचा आशीर्वाद'च्या शेजारी त्याच दुकानात मिळतं, कुणीही घ्यावं. तपासा, प्रत्येकाला तपासा, असं माझं म्हणणं. मग एका हॉस्पिटलच्या गेटवर गार्डने मला खरंच अडवलं आणि अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, मागितलं. खुर्ची शेजारच्या सीटवर दिसत होती. मागे हॉर्न वाजत होते, मी पर्सच्या तळाशी कार्ड शोधत होते, आणि अशी काही भडकले की विचारू नका. माझ्या एका मैत्रिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, तो 2016 च्या यादीतल्या एकवीस अपंगत्वांमध्ये येतो. चांगल्या दिवशी ती चालत जाते. तिला एका आजोबांनी भर पार्किंगमध्ये, "धडधाकट दिसताय, लाज नाही वाटत?" असं ऐकवलं होतं. ती म्हणते, कार्ड दाखवायला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणजे तिला तपासणी हवीय, आणि मला आता ती हवी की नको, तेच कळेनासं झालंय.

मॉलच्या मॅनेजरला मी पत्र लिहिलं, फोटोसकट. त्यांनी दखल घेतली, हे मान्य करायला हवं. पुढच्या वेळी गेले तर राखीव जागेला साखळी आणि कुलूप. शिवाय पट्ट्यांच्या बरोबर मधोमध 'नो पार्किंग'चा सिमेंटच्या बुडाचा जड खांब, की कुणी स्कूटर लावू नये. दार त्यावर आपटतं. साखळी काढायला गाडीतून उतरायला हवं, आणि उतरायला साखळी काढायला हवी. मी काचेतून हॉर्न वाजवत बसले, मामा चहाला गेले होते.

खांब आता त्यांनी भिंतीकडे सरकवलाय. साखळीचं मी असं केलंय की मामांचा नंबर घेऊन ठेवलाय. घरून निघताना फोन करते, ते कुलूप काढून उभे राहतात, स्कूटरवाल्यांना परस्पर हाकलतात. मला कुणाची मेहेरबानी नको, हे मी आयुष्यभर म्हणत आले, आणि आता मेहेरबानीवरच माझं सामान येतं. मामा असले की मी दुसऱ्या दुकानात जातही नाही. पुढच्या महिन्यात एजन्सी त्यांना दुसऱ्या साइटवर पाठवणार आहे. नव्या गार्डचं नाव काय, मराठी येतं का, आणि कुलपाची किल्ली मामा कुणाकडे देऊन जाणार, हे विचारायचं राहिलंय.